पाय थांबत नाहीत

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात प्रियदर्शनी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, आज वरच्या मजल्यावरच्या बायका गप्प आहेत."

वरच्या मजल्यावर कुणीच राहत नव्हतं. येरवड्याच्या त्या इमारतीत यांचंच घर सगळ्यात वर होतं. पण गेले काही महिने त्या बायका तिच्याबद्दल बोलत होत्या, हसत होत्या, तिच्या कपड्यांवरून टोमणे मारत होत्या. ब्लाउजवर आरीवर्कचं भरतकाम करणारी ही सत्तावीस वर्षांची मुलगी कानात कापूस कोंबून बसायची. ऑर्डरी परत गेल्या. शेवटी तिचे वडील, उत्तरेश्वर, तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले होते.

ते स्वारगेट डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गर्दीला आवाज देऊन पुढे सरकवलेला माणूस, पण त्या सकाळी त्यांनी हलक्या आवाजात तिला पुन्हा विचारलं, "खरंच गप्प?" तिच्या आईनं, विमलाबाईंनी, देवापुढे दिवा लावला. प्रियदर्शनी पुन्हा आरीची सुई घेऊन बसली. आता मुलगी सुटली, असं दोघांनाही वाटलं.

मग तिचे पाय चालू झाले.

आधी ती बसल्या बसल्या गुडघे हलवायची. नंतर दोन टाके घालून उठायची, गॅलरीपर्यंत जायची, परत यायची. बसली की चेहरा पिळवटायचा, पुन्हा उठायची. जेवण उभ्यानं. टीव्ही उभ्यानं. "बस की जरा," विमलाबाई म्हणायच्या. "बसवत नाही गं, आई. आत काहीतरी वळवळतंय."

उत्तरेश्वरांना वाटलं, आजार उलटला. तपासणीची तारीख आली तेव्हा ओपीडीत ही गर्दी, आणि समोर नवाच डॉक्टर. त्यांनी घाईघाईनं सांगितलं, "साहेब, दिवसभर फेऱ्या मारते. लई अस्वस्थ असते. आजार वाढलाय बहुतेक." प्रियदर्शनी दारापाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गोळीचा डोस वाढवला.

त्यानंतर घर तिला पुरेना. उत्तरेश्वर तिला बाहेर घेऊन जाऊ लागले. बंडगार्डनच्या पुलापर्यंत आणि परत, पुन्हा पुलापर्यंत. त्यांचे गुडघे दुखायचे, ते कठड्याला टेकायचे; ती त्यांच्याभोवतीच चालत राहायची. ओठ कोरडे, डोळ्यांत पाणी.

"बाबा, मला धरून ठेवा ना."

त्यांनी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले. त्यांच्या हातांखाली ती थरथरत राहिली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "सोडा. धरलं की जास्त होतंय."

त्यांनी सोडलं. दुसरं काय करणार?

घरी विमलाबाईंनी ठरवून टाकलं. "अहो, हे गोळ्यांनीच झालंय. मी देणार नाही."

"डॉक्टरला न विचारता?"

"विचारलंत ना तुम्ही? काय झालं विचारून?"

गोळ्या बंद झाल्या. काही दिवसांनी पाय खरंच शांत झाले. प्रियदर्शनी मांडी घालून जेवली आणि विमलाबाई नवऱ्याकडे बघून भाजी वाढत राहिल्या. त्यांचं बरोबर ठरलं होतं. महिना होत आला तसा एका दुपारी प्रियदर्शनीनं चहाचा कप मोरीत ओतला आणि आईला विचारलं, "वरच्या बायकांना माझं सगळं तूच सांगतेस ना?"

विमलाबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

या खेपेला ओपीडीत एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई होत्या. फेऱ्यांचं, गोळ्या बंद केल्याचं सांगणाऱ्या उत्तरेश्वरांना त्यांनी हातानंच थांबवलं आणि प्रियदर्शनीला विचारलं, "तू चालायचीस, तेव्हा कुणी चाल म्हणून सांगत होतं का?"

"नाही. पायच ऐकत नव्हते."

"गोळी बंद केल्यावर थांबले?"

"थांबले."

"आणि आवाज?"

ती खिडकीकडे बघत राहिली. "ते आत्तासुद्धा बोलतायत."

डॉक्टरीणबाई उत्तरेश्वरांकडे वळल्या. "काका, मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. या आजारात मेंदूच्या काही भागांत त्याचा जोर फार होतो. मग नसलेले आवाज खरे वाटतात, साध्या गोष्टीत संशय येतो. गोळी त्याला अडवते. पण हात-पाय नीट चालायला, स्वस्थ बसायलाही तेच रसायन लागतं. गोळीला जागा निवडता येत नाही. ती तिथंही अडवते. ही तळमळ आजाराची नव्हती, औषधाची होती. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात."

"म्हणजे मी सांगितलं, म्हणून डोस वाढला?"

"तुम्ही दिसलं ते सांगितलंत. तिला आम्ही विचारायला हवं होतं." त्या चिठ्ठी लिहू लागल्या. "औषध बदलते. यानं पायांचा त्रास बहुधा होणार नाही. पण झोप येईल, भूक वाढेल, वजन वाढेल. साखर तपासत राहावी लागेल. आणि काहीही झालं तरी मनानं बंद करू नका."

"काहीच त्रास न होणारी गोळी नाही का?"

"तशी अजून नाही, काका."

नव्या गोळीनं बायका हळूहळू दूर गेल्या. पूर्ण गेल्या नाहीत. प्रियदर्शनी म्हणते, शेजारच्या इमारतीतून बोलल्यासारख्या वाटतात, शब्द कळत नाहीत. पाय शांत आहेत. सकाळी उशिरापर्यंत ती उठत नाही, उशी लाळेनं ओली असते. दिवाळीतला एकही ड्रेस तिला होत नाही. आरीचं विचारलं की म्हणते, "बघू." तपासणीत साखर थोडी वर आली आहे.

परवा जेवताना तिनं तिसरी भाकरी संपवली आणि टोपल्याकडे हात नेला. विमलाबाईंनी टोपलं जरा मागं ओढलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"माहितीय गं. पण पोट भरतच नाही. मी काय करू, आई?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उत्तरेश्वरांनी खाली मान घालून आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली.

"अहो," विमलाबाई हळूच म्हणाल्या.

"कळतंय मला," ते म्हणाले.

प्रियदर्शनी खाऊ लागली होती.