हुसेनची पालथी थाळी

मी एक जुनी थाळी आहे. तामचिनीची, पांढरी, निळ्या काठाची. काठाचे टवके उडालेत आणि तिथून काळं लोखंड दिसतं. मित्रांनो, दुकानात दिसले असते तर तुम्ही मला हातही लावला नसता. पण जरा थांबा. एकेकाळी मी इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपले होते, आणि तेही रिकामी असताना!

जन्माने मी विलायतीच. तिथून मला इंग्रजांच्या हिंदी आरमारात धाडलं आणि मुंबई बंदरातल्या एका लढाऊ जहाजावर मी हुसेन मुकादम या खलाशाच्या वाट्याला आले. हुसेन दाभोळच्या खाडीकाठचा, कोकणी मुसलमान. समुद्र त्याच्या घराण्यातच होता आणि इंग्रजांशी वाकडंही घराण्यातच होतं. खिलाफतीच्या चळवळीत त्याच्या वडिलांनी आपला एकुलता एक विलायती कोट भर बाजारात होळीत टाकला होता. पुढे पोटासाठी हुसेन इंग्रजांच्या आरमारात शिरला, तेव्हा वडिलांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. ते दुःख तो माझ्यासमोर बसून डाळीबरोबर गिळायचा.

आणि डाळ तरी कसली! अर्धी डाळ, अर्धे खडे. तक्रार केली की गोरे अधिकारी आईबापावरून शिव्या द्यायचे. शेवटी १९४६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या खलाशांनी संप पुकारला. त्या दिवशी हुसेनने मला उचललं आणि टेबलावर धाडकन पालथं घातलं. शेजारच्यानेही आपली थाळी पालथी घातली, त्याच्या शेजारच्यानेही. एक टवका तेव्हाचाच आहे. मला तो फार आवडतो.

जहाजांवरून इंग्रजांचा झेंडा उतरला. त्या जागी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही शेजारी शेजारी चढले. दोरी ओढायला हुसेन होता आणि त्याच्याबरोबर मालवणचा त्याचा हिंदू दोस्तही होता. शहरात लोक त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पुष्कळ माणसं मेली. संप मोडला. हुसेनला छावणीत डांबलं आणि मग बंडखोर म्हणून नोकरीवरून काढून टाकलं. त्याने मला गाठोड्यात घातलं आणि तो घरी आला. वडिलांनी दारातच त्याला मिठी मारली आणि आत ओरडून सांगितलं, "पोराला वाढा!"

स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली. पण आरमारातून हुसेनला परत बोलावणं काही आलं नाही. सत्कार नाही, साधी विचारपूसही नाही. त्याने तोंड कडू केलं नाही. घरात फक्त एक नियम घातला. ज्याला आपल्यावर अन्याय झालासा वाटेल, त्याने ही थाळी पालथी घालायची. मग त्याचं ऐकून घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि थाळी सरळ करायची ती ऐकणाऱ्याने. सुना, नातवंडं, सगळ्यांनी मला पालथं घातलंय. एकदा तर पोरांनी चिकूच्या वाटणीवरून!

पुढे हुसेन गेला. त्याची नात शबनम इंजिनिअर होऊन अमेरिकेत नोव्हाय या गावी मोटारींच्या कंपनीत लागली आणि हौसेने मला घेऊन आली. पण मायक्रोवेव्हमध्ये मी चालत नाही, डिशवॉशरमध्ये गंजते. हळूहळू मी मनीप्लांटच्या कुंडीखाली गेले. चिखलपाणी झेलत मी तिथे बरीच वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

या उन्हाळ्यात शबनमचे वडील, म्हणजे हुसेनचे थोरले चिरंजीव शौकतनाना, नोव्हायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढा प्रवास आता पुन्हा नको. त्यांनी मला कुंडीखाली पाहिलं. खाली बसून लुंगीच्या सोग्याने मला पुसत राहिले. शबनमची मुलगी झेबा हे बघत होती. "नाना, व्हॉट इज इट?" तिने विचारलं, आणि नानांनी तिला सगळं सांगितलं.

झेबानेच हट्ट करून मराठी मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात नानांचं भाषण ठरवलं. आपल्या बाबाचं नाव एकदा तरी चारचौघांत घेतलं जावं, एवढीच नानांची इच्छा होती. ते इस्त्रीचा कोट घालून, मला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. पण मंडळाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झालाय कधी? नाच लांबले, फॅन्सी ड्रेस लांबला, आणि एकदम जेवणाची घोषणा झाली.

झेबा तरातरा मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. "सत्यजितकाका, नानांचं स्पीच कॅन्सल केलं?"

"कॅन्सल नाही गं, पोस्टपोन. हॉल रिकामा करायचाय यार, पुऱ्या थंड होतायत. नेक्स्ट इयर नक्की!"

"बट ही वोन्ट बी हिअर नेक्स्ट इयर!"

"असू दे गं पोरी," नाना म्हणाले, "लोकांना भूक लागलीय." त्यांनी कोटाची बटणं सोडली. ते पाहून माझाच जीव कासावीस झाला.

झेबाने मला उचललं, रांगेच्या तोंडाशी नेलं आणि पुऱ्यांसमोर धाडकन पालथं घातलं.

"नोबडी ईट्स," ती म्हणाली. "आमच्या घरचा रूल आहे. आधी ऐकायचं."

काही जण हसले. मग हसू थांबलं. पहिल्या नंबरावर सत्यजितकाकाच होते, कागदी प्लेट घेऊन. "कसला रूल, काका?" त्यांनी नानांना विचारलं.

नानांनी तिथेच, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी उभं राहून सांगितलं. खडे, शिव्या, पालथ्या थाळ्या, तीन झेंडे. मध्येच ते अडखळले. "एक झेंडा लीगचा होता. हे सांगू की नको, असं आठवडाभर मनात घोळत होतं. पण होता तर होता. पुढे फाळणी झाली म्हणून ती दोरी खोटी होत नाही. ती दोघांनी मिळून ओढली होती. त्यातल्या एकाचं नाव हुसेन मुकादम. माझा बाबा."

सत्यजितकाकांनी कागदी प्लेट बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी मला सरळ केलं आणि माझ्यात पहिली पुरी वाढून नानांपुढे धरली. "चुकलं आमचं, काका. तुम्ही सुरुवात करा."

आरमारातल्या त्या टेबलावर मला सरळ करायला कुणी आलं नव्हतं. ते काम राहून गेलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कुंडीखाली दबून बसली असेल. तिला घासूनपुसून ठेवा. पण आधी ती कुणाची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ते सांगतील ते पुरतं ऐका. जेवण निवलं तर निवू द्या. त्या दिवशी नोव्हायला पुऱ्या पार गार झाल्या होत्या. तरी एकही उरली नाही.