शून्य आणायचा खण

एक्स-रे विभागातल्या मामांचा बॅज अकरा वर्षं टेबलाच्या खणात, स्टेपलरशेजारी सुखात होता. छातीवर बसून अंगावर किती किरणं पडली ते मोजणं हे बॅजचं काम. रडकी पोरं आणि थरथरणारे म्हातारे धरून ठेवणं हे मामांचं. दोघं एकत्र राबले असते तर आकडा मर्यादेबाहेर गेला असता आणि मामांची रवानगी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली असती. मग पोरांना धरणार कोण? म्हणून ही कामाची वाटणी. खण दर तीन महिन्यांनी इमानदारीत शून्य आणायचा.

मशीनपुढचा शिशाचा पडदा मात्र तडकला होता. त्याच्याआड उभं राहून मशीन चालवणारी टेक्निशियन एके सकाळी म्हणाली, "मामा, मला दिवस गेलेत. दुसरीकडे जागा नाही म्हणतात."

मामांनी नव्या पडद्यासाठी पाचवा अर्ज केला. सुरक्षा अधिकारी स्वतः आले, काखेत फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्रक.

"अकरा वर्षं शून्य! म्हणजे तडा निरुपद्रवी आहे. नवा पडदा दुसऱ्या विभागाला देऊ."

"घ्या!" टेक्निशियन पुटपुटली. "माझाही बॅज तुमच्या बॅजशेजारीच झोपलाय, मामा. तुम्हीच शिकवलंत."

मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खण उघडला. दोन बॅज, एक स्टेपलर.

"साहेब, शून्य या खणाचं आहे. आमचं कुणी मोजलंच नाही."

साहेबांनी खणात डोकावलं आणि काखेतली फ्रेम सावरली. "मामा, बंद करा तो. फ्रेम झालीय हो."

"लेखी देतो," मामा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मामा तळघरात गेले. महिनाभराने टेक्निशियन पायऱ्या उतरून आली. तोवर साहेबांनी तिला नावं लिहायच्या खिडकीत बसवलं होतं; जागा सापडली होती.

"नवा पडदा बसला, मामा."

"आणि पोरांना कोण धरतं?"

"आईबाप. शिशाचा ॲप्रन घालून. नियमांच्या पुस्तकात तसंच लिहिलंय म्हणे, पहिल्या पानावर."

मामा फाइलची नाडी बांधत राहिले. "रडतात?"

"आईबाप जास्त."

मामा हसले. छातीवरचा बॅज त्यांनी सरळ केला. इथे त्याची गरज नव्हती, तरी लावायचे. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला: शून्य. मामांनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदाच तो त्यांचा होता.