जंतूंचं काम

मूल गावच्या राइस मिलमध्ये आमचा बुढा, म्हणजे माहा नवरा, पोती तोलते. सारे त्याले मुखरूभाऊ म्हणतात. डॉक्टरनं वजन कमी कराले सांगतलं, तवापासून तो चहात साखरेच्या जागी शुगर-फ्रीची गोळी टाकते. मंग साखर वाचली म्हणून त्याच चहासंगं मोहाचे दोन लाडू खाते. मी टोकलं तर म्हणते, "पुनमची माय, मी साखर सोडली ते काऊन दिसत नाई तुले?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो मिलमधल्या पोत्यांच्याच काट्यावर उभा राह्यला. वजन उलटं वाढलं होतं.

आमची पुनम चंद्रपूरले नर्स हाय. तिनं फोनवर समजावलं, "बाबा, काही अभ्यासांत दिसलं की अशा गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू बदलू शकतात, वजनावरही परिणाम होऊ शकते. पण साऱ्यांचंच तसं होते असं नाई. पक्कं अजून ठरलं नाई."

बुढ्यानं अर्धंच ऐकलं. पोळा झाल्यावर मिलभर सांगत सुटला, "मी काऊन फुगीन? माह्या पोटातल्या जंतूंचं काम हाय हे!" हमालांनीही माना डोलावल्या.

मी घरी गोळ्यांची डबी माळ्यावर टाकली आन् ना साखर ना गोळी, असा चहा त्याच्यापुढं ठेवला. तोंड वाकडं करून प्याला. जंतूंले शिव्या देता देता त्याचा हात लाडूच्या डब्यात गेला.

मी मनगटच धरलं.

"हा हात बी जंतूच हालवून राह्यले काय?"