सेनापती पळणार नाही

लेखिका सेनापतीला अगदी पाण्यात पाहायची. सेनापती म्हणजे तिच्या चित्रकथेतल्या पाच वीरांचा म्होरक्या. आधीचे लेखक निवृत्त झाले आणि मासिकाबरोबर हे ध्यानही तिच्या गळ्यात पडलं. छाती पुढे, हनुवटी वर आणि ऊठसूट उपदेश! "पाचातला एकही कमी करायचा नाही," असं संपादकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग तिनं दुसरी वाट धरली. कधी त्याचा झगा लिफ्टच्या दारात अडकव, कधी त्याला भलत्याच पत्त्यावर पाठव, कधी चिखलात तोंडावर आपट. त्याची फजिती लिहिताना ती एकटीच खुसुखुसु हसायची.

या महिन्यात मात्र तिनं कहर केला. कारखान्याला आग लागते, दोन सोबती आत अडकतात आणि सेनापती शेपूट घालून पळतो! खुशीत तिनं शेवटच्या दोन पानांचा मजकूर आबांच्या टेबलावर ठेवला.

आबा म्हणजे चित्रकार. गेली वीस वर्षं सेनापती त्यांच्याच ब्रशातून उतरत होता. वाचून त्यांनी कागद परत सरकवले.

"हे मी काढणार नाही."

"आबा! चार वाजता छापखान्याचा माणूस येतोय. आत्ता अकरा वाजलेत!"

"येऊ दे. तू त्याला चिखलात पाडलंस, मी पाडला. तो वेंधळा आहे, मान्य. पण पळपुटा नाही. तुला आवडत नाही तर नको आवडू दे, पण त्याच्याबद्दल खोटं नको लिहू."

लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तुम्हीच सांगा, काय करेल तो? दारात उभा राहून भाषण ठोकेल!"

"ठोकेलच की," आबा शांतपणे म्हणाले.

ती तोंड उघडणार, तोच तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "थांबा... आणि बोलत बोलतच आत जाईल! कारण गप्प बसला तर पाय थरथरतील त्याचे. आबा, तो घाबरट आहे हो! म्हणून एवढा बोलतो!"

"पुढे?" आबांनी पेन्सिल उचलली.

"चुकीचं दार उघडतो. सोबती ओरडतात, अहो, डावीकडे! तरी उपदेश चालूच!"

"आणि तुळई कोसळते," आबा रेघा मारत म्हणाले. "तो खांद्यावर झेलतो."

"आणि मग त्याच्या तोंडाजवळचा संवादाचा फुगा रिकामा! एक शब्द नाही. बाकीचे बाहेर पळतात, हा पहिल्यांदाच गप्प!"

ती बसायलाच विसरली. उभ्या उभ्या लिहीत होती, एकेक चौकट पुरी होताच कागद फाडून आबांच्या हातात देत होती. आबांच्या बाहीला शाई लागली, जेवणाच्या डब्यांची झाकणंसुद्धा कुणी उघडली नाहीत. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत होते, भांडत होते, मध्येच फिदीफिदी हसत होते.

आरडाओरडा ऐकून संपादकबाई आल्या. ओली पानं वाचता वाचता त्या तिथल्या स्टुलावरच टेकल्या. "काय गं, आवडायला लागला वाटतं हा तुला?"

"छे! डोक्यात जातो माझ्या," लेखिका म्हणाली. "पण आज कळला."

चारला पाच मिनिटं कमी असताना छापखान्याचा माणूस हजर झाला. पानं हातात घेऊन निघायचं सोडून तो दारातच वाचत उभा राहिला. शेवटच्या चौकटीत तुळई खांद्यावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि आग अगदी पाठीशी.

"अहो, जिवंत वाचतो ना हा?" त्यानं काकुळतीनं विचारलं.

आबांनी लेखिकेकडे पाहिलं.

"मला तरी कुठं ठाऊक आहे!" ती म्हणाली, आणि तिनं कोरा कागद पुढे ओढला.