वाळलेल्या वेलाची साक्ष

फाल्गुन उतरणीला लागला होता. कणसे खुडलेली काळी शिवारे उघडीवाघडी पडली होती. बांधाबांधावर रक्तवर्ण पळस पेटला होता. आणि त्या निष्पर्ण, निःशब्द, तप्त दुपारी चर्चच्या ओसरीवर उपवासकाळातला गुरुवार भरला होता.

दर गुरुवारी नऊ बाया जमत. आठवड्यातल्या साध्या गोष्टीतून प्रभूने काय शिकवले, त्याची साक्ष प्रत्येकीने द्यायची. रीत चांगली होती. रीतीचे काय, ती चांगलीच असते.

आणि साक्ष द्यावी ती सुवार्ताबाई चक्रनारायणांनीच. निवृत्त शिक्षिका, शुभ्रवसना, मधुरभाषिणी. उतू गेलेल्या दुधात त्यांना गर्व दिसे, सुईच्या नेढ्यात नम्रता, चाळणीत उरलेल्या कोंड्यात अंतिम न्याय. सारे वहीत उतरे. देवाने हे जग जणू बाईंच्या वहीसाठीच निर्मिले होते.

त्यांच्या शेजारच्या एलिशिबा ओहोळला मात्र शिकण्यासारखे काही उरले नव्हते. श्रावणात तिचा एकुलता आशेर विहिरीवरच्या विजेच्या मोटारीला चिकटून गेला. एकोणीस वर्षांचा, उंचापुरा, हसरा आशेर. तेव्हापासून गुरुवारची शेवटची प्रार्थना करायची तिची पाळी आली, की बाई उठून म्हणत, "आज मीच करते." कारण विचारीत नसत. मोठी माया होती ती.

कारण कळले या सोमवारी. बाईंच्या पायरीवर करडई पाखडता पाखडता एलिशिबा थांबली. हात सुपात, डोळे भलतीकडेच.

"अक्का, देवाशी बोलायला जाते नि तोंडात माती येते. आशेरवर लोटली ती. सात महिने झाले, एक शब्द फुटला नाही. कुणाला कळू देऊ नका."

बाईंनी तिचा हात हाती धरला. खरेच धरला, त्यात लबाडी नव्हती.

आणि गुरुवारी बाई साक्षीला उभ्या राहिल्या.

"माझ्या परसात दोडक्याचा वेल आहे. पाटाचं पाणी मुळाशी वाहतं, तरी वेल वाळला. तशीच आपल्यात एक भगिनी आहे. नाव घेत नाही. दुःखाला एवढं कवटाळून बसली, की सात महिने देवाशी बोलली नाही."

नाव घेतले नाही, केवढे उपकार. सात माना एलिशिबाकडे वळल्या.

बाईंना ते दिसले आणि साक्ष अर्ध्यावर सोडून त्यांनी वही मिटली. मनात जुळवताना तो वेल किती सुंदर वाटला होता. आता समोर वेल नव्हता, एक आई होती.

शेवटच्या प्रार्थनेची पाळीही नेमकी तिचीच. "आज मीच करते," बाई घाईघाईने म्हणाल्या. तोवर एलिशिबा उभी राहिली होती. पदर डोक्यावर, नजर स्थिर, स्वर स्वच्छ.

"हे दयाळू पित्या, तू थोर आहेस. तुझ्या दासीच्या तोंडून तू आज मला जागं केलंस. वाळल्या वेलाला पाणी घातलंस. आशेरला तू आपल्या घरी नेलंस, तुझी इच्छा भलीच आहे. येशूच्या नावानं मागते."

बाया हुंदके देत "आमेन" म्हणाल्या. एकीने बाईंचा हात दाबला. "बाई, तुमच्या साक्षीनं काम केलं बघा."

केले खरे. सात महिने एलिशिबा देवापुढे मुकी होती, पण खरी होती. आज ती बोलली. आणि त्या अस्खलित, ओघवत्या, अश्रुहीन प्रार्थनेतला एकही शब्द तिचा नव्हता. ओसरीवर हे एकट्या बाईंना ठाऊक होते. आणि तिला खोटे बोलायला लावले होते ते बाईंनीच.

त्या एलिशिबाच्या मागे धावत बांधापर्यंत गेल्या. धाप लागली, चष्मा घसरला.

"एलिशिबा, थांब गं. माझं चुकलं."

ती थांबली. वळली नाही.

"हे देवाला सांगा, अक्का. तुमचं तो ऐकतो."

आणि ती चालू लागली. ढेकळांतून, धसकटांतून, दोघींची रोजची पायवाट सोडून, सरळ. पाठमोरी आकृती लहान होत गेली, धुळीत मिसळली, धूळच झाली. ऊन तिरपे झाले, फिके झाले, विझले. आणि बाई बांधावर उभ्याच राहिल्या, शब्दांवाचून, एकट्या.