दोनशे मीटरवरची टाकी

आमच्या ह्यांची नोकरी संपून अकरा वर्षं झाली, पण हे त्यांना सांगणार कोण? नागोराव विमानतळावर हवामान निरीक्षक होते. अर्ध्या अर्ध्या तासाने बाहेर येऊन आकाश बघायचं, धुक्यात किती लांबचं दिसतं ते कळवायचं. त्यावर विमानं उतरायची किंवा खोळंबायची. निवृत्तीनंतर त्यांनी बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीची गच्ची ताब्यात घेतली. समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दोनशे मीटरवर, मोबाईलचा टॉवर आठशेवर, त्यामागे टेकडी. यातलं काय दिसतं, काय नाही, याची रोज सकाळी वहीत नोंद. शेजारी चेष्टा करतात, आणि गावाला निघायच्या आधी हळूच विचारूनही जातात.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी आमच्या लेकीला, मैत्रीला, नागपूर गाठायचं होतं. सरकारी नोकरीसाठी कागदपत्रांची तपासणी, दुपारी दोनच्या आत. पुढच्या महिन्यात तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं, म्हणजे ही संधी गेली की संपलंच. विमान पुण्याहून साडेनऊचं. हवामान खात्याने आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं: पहाटे हलकं धुकं, सातनंतर आकाश मोकळं.

सव्वासातला हे गच्चीवरून उतरले ते चेहरा पाडूनच.

"टाकीसुद्धा दिसत नाही. दहा-अकरापर्यंत एकही विमान हलायचं नाही. मैत्री, आत्ताच्या आत्ता मुंबईला नीघ. तिथून पावणेबाराचं विमान आहे."

"बाबा, फ्लाइट ऑन टाइम असल्याचा मेसेज आलाय. फोरकास्ट पण क्लिअर आहे."

"अंदाज कालचा आहे. मी आत्ताचं सांगतोय."

शाळेत असल्यापासून छत्री न्यायची की नाही हे मैत्री बाबांनाच विचारते, आणि ती कधी भिजलेली नाही. तिने मुकाट्याने फोनवर मुंबईची टॅक्सी शोधायला घेतली. मुंबईचं विमान नागपूरला दुपारी सव्वा वाजता पोचणार. घाटात जरा अडकली की झालं.

मी गच्चीवर गेले. खरं सांगते, मुलीसमोर रडू नये म्हणून गेले. आणि बघते तर टाकी समोर उभी, स्वच्छ. तिच्यावर दोन कबुतरं. मागे टॉवर. फक्त टेकडीवर थोडं पांढरं.

हेही मागोमाग आले. "बघ, दिसतंय का काही?"

'आधी चष्मा पुसा' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण कठड्यावर त्यांची वही उघडी होती. नऊ दिवस तीच नोंद: धुकं, टाकी अदृश्य. त्यातल्या रविवारी तर मी इथेच कडक उन्हात गाद्या घातल्या होत्या! हल्ली यांचा चहा कपाबाहेर सांडतो, तेही मी वयावर ढकललं होतं. मला एकदम सगळं कळलं आणि फार वाईट वाटलं. या माणसाने आयुष्यभर जे दिसलं तेच लिहिलं, आणि आताही तेच लिहीत होता.

डोळ्यांचा विषय काढला असता तर भांडणात विमान गेलं असतं. म्हणून मी त्यांचाच नोकरीतला नियम काढला. पाळी बदलताना दोघांनी मिळून आकाश बघायचं, आणि पुढची नोंद नव्या माणसाने करायची.

"ड्यूटी माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "टाकी स्पष्ट. वर दोन कबुतरं. टॉवर स्पष्ट."

"कबुतरं?"

"दोन. अहो, एक उडालंसुद्धा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग पेन माझ्या हातात दिलं आणि जिन्यातून ओरडले, "मैत्री, एअरपोर्टलाच जा! माझी नोंद चुकली!"

हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

साडेबाराला तिचा फोन आला: तपासणी झाली, सगळे कागद बरोबर. मी देवापुढे नाही, गॅससमोरच हात जोडले, इतकं हायसं वाटलं. संध्याकाळी हे माझ्याबरोबर सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निमूट आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"ऑपरेशननंतर टाकी दिसेल?" यांनी विचारलं.

"दिसेल. धुतलेली आहे की नाही तेही दिसेल," डॉक्टर म्हणाले.

महिन्याभराने, ऑपरेशन झाल्यावर, हे वही घेऊन गच्चीवर बसले. त्या मंगळवारच्या आपल्या नोंदीवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली. मग माझी नोंद वाचली.

"कबुतरं नोंदवत नसतात, द्वारका."

"मग मारा त्यावर पण रेघ."

"राहू दे," ते म्हणाले. "पोरगी त्यांच्यामुळे पोचली."