वकिलापासून काय लपवायचं

आज साखऱ्या वकिलाची बोबडी वळणार, अशी नर्सबाईंची खात्री होती. गोड बोलून गळा कापण्यात हा गृहस्थ इतका तरबेज, की कोर्टातल्या लोकांनीच त्याला हे नाव ठेवलेलं. मुलीच्या ताब्याच्या खटल्यात तो बाईंचा वकील. शेवटच्या सुनावणीला "तुम्ही येऊ नका, नुसती तारीख आहे, मी आहे ना," म्हणाला, आणि स्वतःही फिरकला नाही. कुठे होता? वकिलांच्या नीतिमत्तेवर भाषण देत होता! आईला पर्वाच नाही, असं धरून न्यायाधीशांनी मुलगी बापाला दिली. आईच्या वाट्याला उरला फक्त रविवार.

म्हणून त्यांनी वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार केली. चूक वकिलाची ठरली, तर वरच्या कोर्टात पुन्हा दाद मागता येईल आणि पोरगी परत मिळेल, एवढीच आशा.

समितीवर तिघे, तिघेही वकील. चोर चोर मावसभाऊ! साखऱ्या आत आला तसा तिघांनी आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मागच्या बाकावर बाईंचा घटस्फोटित नवरा जांभया देत बसला होता. साखऱ्यानेच त्याला साक्षीला बोलावलं होतं. कशाची साक्ष, ते बाईंना कळेना.

अध्यक्ष म्हणाले, "वकील-अशिलातलं बोलणं गुप्त असतं, बाई. ते इथे सांगायला तुमची हरकत नाही ना? या साक्षीदाराला बाहेर बसवू का?"

"कशाला? ऐकू दे की त्यांनाही! मी का आले नव्हते, ते कळू दे एकदा."

साखऱ्या सावकाश उठला. "पहिल्याच भेटीत मी ताईंना म्हटलं, वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये. त्यांनी नाही लपवलं. रात्रपाळीला जाताना पोरीला खोकल्याचं औषध पाजून झोपवायच्या आणि बाहेरून कुलूप घालायच्या. चार वर्षांची पोर! कोर्टात शपथेवर हे विचारलं असतं तर? म्हणून मी त्यांना येऊ दिलं नाही. अशिलाचं हित, दुसरं काय?"

ही गोष्ट बाईंनी सख्ख्या आईलाही सांगितली नव्हती. साखऱ्यापुढे रडत रडत सांगितली, तेव्हा त्याने चहा मागवला होता आणि "हे आता इथेच गाडलं," म्हणाला होता. मागे जांभया थांबल्या होत्या.

"खरं आहे का हे?" अध्यक्षांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. बघायला कोण होतं? पण सफाईने खोटं बोलायचं तर सवय लागते, आणि ती त्या खोलीत बाई सोडून सगळ्यांना होती.

"हो. पण सांभाळायला कोणी नव्हतं, आणि नोकरी..."

"हो म्हणाल्या, तेवढं लिहा," अध्यक्षांनी कारकुनाला सांगितलं.

निकाल तिथल्या तिथेच लागला. वकिलाचा हेतू अशिलाच्या भल्याचा. स्वतः गैरहजर राहिल्याबद्दल तोंडी समज. साखऱ्याने नम्रपणे मान हलवली. मग चौघांच्या गप्पा पुन्हा त्याच्या गुडघ्यावर आल्या.

बाई जिन्यापर्यंत पोचल्या. नवरा मागून आला. इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी ओरडल्याशिवाय बोलला नव्हता. आज मात्र अगदी हळू बोलला.

"रविवारी येऊ नकोस."